अनुभवाचा दाखला

तीन महिन्यांनी एकदा पुण्याहून
बुकपोस्टाने अंक येतो.
गुळगुळीत कागद. दोऱ्या, कप्प्या, हेल्मेटांच्या जाहिराती,
मधल्या पानावर कुणी परदेशी माणूस
झाडाला लटकून हसतोय.
आप्पा आधी त्याची गाठ बघतात,
माणूस मागून.
कधी कधी म्हणतात, "ही सुटंल."

मी वाचून दाखवते, संजयनगरात, वरच्या खोलीत,
खाली चक्कीचा पट्टा फटफटत असताना.
फांदी तीन कापांत उतरवावी.
पहिला काप खालून, एक तृतीयांश.
दुसरा वरून, थोडा पुढे.
तिसरा शाखाग्रीवेच्या बाहेर.
"कुणाच्या भाईर?"
मी चित्रावर बोट ठेवते. फांदी खोडातून निघते
तिथली ती फुगीर, सुरकुतलेली वळी.
"आगं, मनगाट म्हण की.
मनगाटच तोडलं तर जखमंवर
पांघरूण कोण वढणार?"
समासात मी पेन्सिलीने लिहिते: मनगाट.

यंदा महापालिकेचं पत्र आलं.
येत्या एक तारखेपासून
प्रमाणित वृक्षनिगा तंत्रज्ञाखेरीज
कोणीही सार्वजनिक झाडावर चढू नये.
लेखी शंभर, प्रात्यक्षिक शंभर.
अर्ज मीच भरला.
नाव: तायाप्पा बाळू ऐवळे.
शिक्षण: तिसरी.
"चौथी लिव्ह. बसलो हुतो चौथीत, दिवाळीपत्तूर."
अनुभव: छत्तीस वर्षं.
पुरावा: संबंधित कार्यालयाच्या गोल शिक्क्यासह.

पुरावा एका पिशवीत होता.
वीज मंडळाच्या पावत्या, ठेकेदाराच्या चिठ्ठ्या,
एका मुख्याध्यापकांचं आभाराचं पत्र,
शाळेवर झुकलेली फांदी
सुट्टी न देता उतरवली म्हणून.
पिशवी खुंटीला. तेव्हा आम्ही सूर्यवंशी प्लॉटात राहायचो.
पुराचं पाणी खुंटीच्या वर एक वीत.

मग रविवारी मोपेडवरून निघालो, बापलेक.
हरिपूर रस्ता, चिंच.
"ही बघ. तू बालवाडीत हुतीस."
दोन पुरुष उंचीवर खोडात एक गोल,
चहूकडून साल आत आत सरकलेली,
मधे रुपयाएवढं उघडं लाकूड.
कॉलेज कॉर्नरच्या पर्जन्यवृक्षावर तेवढंही नाही,
नुसती मिटलेली वळी, बेंबीसारखी.
मिरजेत स्टेशनमागे कडुनिंबाखाली
आप्पा गाडीवरून उतरलेच नाहीत आधी.
तिथला घाव गोल नव्हता. लांबट, ओघळलेला,
आत ढोली, ढोलीत पोपट.
"हितं मनगाट तोडलं. ठेकेदार खालनं घाई करत हुता."
पोपट आत गेला, बाहेर आला.
मी फोन खिशात ठेवत होते तर म्हणाले,
"ह्यो बी लाव."

सत्तेचाळीस फोटो. एका पानावर चार.
खिडकीतल्या बाईंनी पानं उलटली,
चष्मा कपाळावर नेला.
"शिक्का कुठाय?"
मी चिंचेवर बोट ठेवलं.
त्यांनी पाहिलं. पंखा फिरत होता,
कडेचे फोटो उडू बघत होते.
मग हळू आवाजात विचारलं,
"आमच्या दारातला शेवगा वाकलाय.
कधी येतील ते?"
फाईल मात्र परत सरकवली.
साहेब मंगळवारी असतात.

मंगळवार परवा. परीक्षा त्यापुढच्या रविवारी,
फाईल घेतली तर.
आत्ता आप्पा दिव्याखाली बसलेत,
माझ्या जुन्या दुरेघी वहीत,
दोरखंड धरावा तसं पेन धरून
लिहितायत: शाखाग्रीवा. शाखाग्रीवा.
ग्रीमधला र दर खेपेला पायात येतो.
सहा ओळी झाल्या.
सातवीत, दमून की काय,
मनगाट.